फ्रँकेन्स्टाइन : एका रात्रीची दंतकथा आणि अकरा महिन्यांचा खर्डा

१/
१ जानेवारी १८१८ ही तारीख मराठी इतिहासाच्या वाचकाला वेगळी सांगावी लागत नाही. त्या दिवशी भीमेकाठच्या कोरेगावात पेशव्यांची फौज आणि कंपनीची तुकडी यांची लढाई झाली. त्याच दिवशी लंडनमध्ये तीन खंडांची एक कादंबरी विक्रीस आली. प्रती अवघ्या ५००. शीर्षकपृष्ठावर लेखकाचे नाव नाही. दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तारीख तेवढी एक आहे. परंतु त्या कादंबरीच्या जन्माविषयी जी कथा दोनशे वर्षे सांगितली जात आहे, ती इतिहासाच्या कसोटीवर उतरत नाही. हा धागा त्या कथेविरुद्ध आहे.

२/
कथा सर्वांना पाठ आहे. १८१६ चा उन्हाळा. जिनिव्हा सरोवराच्या काठी व्हिला डिओडाटी नावाचे घर. बाहेर वादळ, आत शेकोटी. कवी बायरन पाहुण्यांना म्हणतो, प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी. अठरा वर्षांच्या मेरीला दिवसामागून दिवस काही सुचत नाही. मग एका रात्री तिला भयंकर स्वप्न पडते आणि जगाला ‘फ्रँकेन्स्टाइन’ मिळते. चित्रपट, माहितीपट, जयंतीनिमित्तचे लेख, सगळीकडे हेच.

३/
ही कथा सुंदर आहे, पण तिच्यात लेखन कुठेच नाही. वही नाही, खोडाखोड नाही, प्रकाशकाचा नकार नाही, मुद्रिते तपासताना आलेला थकवा नाही. भयकादंबरीच्या क्षेत्रात पहिले पाऊल टाकणाऱ्या एका तरुण स्त्रीचे अवघे लेखनजीवन त्या एका रात्रीने गिळून टाकले आहे. आणि जिथे श्रम दिसत नाहीत, तिथे श्रेयावर दुसऱ्याचा हक्क सांगणे सोपे जाते. पुढे नेमके तेच घडले.

४/
प्रथम साधनांचा विचार. स्वप्नाची हकीकत पहिल्यांदा छापली गेली ती १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, म्हणजे मूळ प्रसंगानंतर पंधरा वर्षांनी. १८१८ च्या पहिल्या आवृत्तीलाही प्रस्तावना आहे. तिच्यात जिनिव्हाजवळचा पावसाळी उन्हाळा आहे, जर्मन भूतकथांचे वाचन आहे, मित्रांनी गोष्टी लिहिण्याचा केलेला संकल्पही आहे. स्वप्न मात्र नाही. एका शब्दानेही नाही.

५/
मराठी वाचकाला हा पेच परिचित असायला हवा. सभासद शिवकालाचा साक्षीदार होता. तरी त्याची बखर जिंजीला, महाराजांच्या निधनानंतर सुमारे दीड दशकाने लिहिली गेली. म्हणून इतिहासकार तिला समकालीन पत्राच्या पंक्तीत बसवत नाहीत. बखर आणि अस्सल कागद यांत कोणाचे वजन अधिक, हे वि. का. राजवाड्यांनी मराठी अभ्यासकांना शंभर वर्षांपूर्वीच बजावून सांगितले. १८३१ ची प्रस्तावना ही बखर आहे. तिची लेखिका प्रत्यक्ष साक्षीदार होती, एवढ्याने ती अस्सल पत्र ठरत नाही.

६/
शिवाय ती प्रस्तावना मागणीवरून लिहिलेली आहे. हे लपवलेलेही नाही. ‘स्टँडर्ड नॉव्हेल्स’ या मालेत कादंबरी घेताना प्रकाशकांनी कथेच्या उगमाविषयी काही लिहून द्यावे अशी इच्छा व्यक्त केली, असे मेरी पहिल्याच वाक्यात सांगते. म्हणजे जुन्या पुस्तकाच्या नव्या, स्वस्त आवृत्तीसाठी प्रकाशकाला एक रंजक जन्मकथा हवी होती, आणि ती त्याला मिळाली. तिचा मूळ उपयोग हा आहे. पुढच्या पिढ्यांनी जाहिरातीलाच दस्तऐवज मानले.

७/
मग त्या रात्रींचा समकालीन पुरावा कोणता? मेरी रोजनिशी लिहीत असे. पण मे १८१५ ते जुलै १८१६ या काळातील तिची वही हरवली आहे. नेमके तेच पान इतिहासाकडे नाही. उरतो बायरनचा तरुण डॉक्टर जॉन पोलिडोरी. त्याची रोजनिशी आहे, तीही १९११ साली छापली गेलेली आणि त्याच्या बहिणीने ‘अयोग्य’ मजकूर गाळून केलेल्या नकलेवरून. मूळ वही तिने नष्ट केली. साधन अपुरे आहे, पण आहे ते प्रसंगाच्या वेळचे आहे.

८/
पोलिडोरीची १७ जून १८१६ ची नोंद सांगते की त्याच्याखेरीज सर्वांच्या गोष्टी सुरू झाल्या आहेत. १८३१ च्या प्रस्तावनेत मात्र मेरी दिवसेंदिवस अडून बसलेली आहे आणि रोज सकाळी विचारणा झाली की तिला मान खाली घालून नकार द्यावा लागतो. प्रस्तावनेत जीवनाच्या मूलतत्त्वावरची चर्चा बायरन आणि पर्सी शेली यांच्यात होते. पोलिडोरी १५ जूनला नोंदवतो की तत्त्वांविषयीचे असे बोलणे पर्सीशी त्याचे स्वतःचे झाले. दोन साक्षींत मेळ बसत नाही. दंतकथा सांगणारे दुसऱ्या साक्षीचा उल्लेखच टाळतात.

९/
प्रतिपक्षाचे म्हणणेही नोंदवायला हवे. २०११ साली टेक्सासमधील खगोलशास्त्रज्ञांनी प्रस्तावनेतील चंद्रप्रकाशाच्या वर्णनावरून गणित मांडले आणि १६ जूनची पहाट, दोन ते तीनची वेळ, मेरीच्या वर्णनाशी जुळते असे दाखवले. ठीक आहे. स्वप्न पडले असे धरून चालू. तरीही प्रश्न शिल्लक राहतो : स्वप्न तासाभराचे, आणि कादंबरी सुमारे ७२ हजार शब्दांची. मधले सगळे कोणी केले?

१०/
आणखी एक लाडके स्पष्टीकरण आहे : ज्वालामुखीचे. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातील सुंबावा बेटावर तांबोराचा स्फोट झाला. त्याच्या धुराळ्याने १८१६ साली युरोपात उन्हाळा असा उरलाच नाही. पिके गेली, धान्य महागले, जिनिव्हावर पाऊस कोसळत राहिला. हे सर्व खरे. पण यावरून ‘तांबोराने फ्रँकेन्स्टाइनला जन्म दिला’ असे जेव्हा लिहिले जाते, तेव्हा लेखिकेच्या जागी हवामान बसवले जाते.

११/
त्या घरात तोच पाऊस आणखी चौघांवर पडत होता. बायरन, पर्सी शेली, पोलिडोरी, आणि मेरीची सावत्र बहीण क्लेअर. बायरनने एक तुकडा लिहिला आणि सोडून दिला. पर्सीची गोष्ट काही पुढे गेली नाही. क्लेअरची गोष्ट आपल्यापर्यंत आलेली नाही. पोलिडोरीने बायरनच्या तुकड्यातील बीज घेऊन ‘द व्हॅम्पायर’ ही कथा पूर्ण केली. ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिले ते मेरीने. वादळ सर्वांचे होते, चिकाटी मात्र तिची होती.

१२/
पोलिडोरीचे पुढे काय झाले हेही या संदर्भात पाहावे. त्याची कथा एप्रिल १८१९ मध्ये छापून आली ती बायरनच्या नावावर. वीस-बावीस वर्षांच्या डॉक्टराने लिहिली यापेक्षा जगप्रसिद्ध कवीने लिहिली हे विकायला सोपे होते. त्याने तक्रार केली, बायरनने इन्कार केला, तरी नाव चिकटायचे ते चिकटले. १८२१ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, पोलिडोरी वारला. एका घरातून दोन नवे भयकथाकार निघाले, आणि दोघांचेही लेखन लोकांनी जवळच्या प्रसिद्ध कवीच्या पदरात टाकले. हा योगायोग नाही. ही बाजाराची रीत आहे.

१३/
आता मेरीच्या टेबलाकडे. उपलब्ध रोजनिशीत तिच्या गोष्टीचा पहिला उल्लेख २४ जुलै १८१६ चा आहे. स्थळ आल्प्समधील शामोनी. दिवसभराची पायपीट, पाऊस, आणि शेवटी गोष्ट लिहिल्याची त्रोटक नोंद. दुसऱ्या दिवशी ती मेर द ग्लास ही हिमनदी पाहते. कादंबरीत निर्माता आणि त्याने घडवलेला जीव यांची समोरासमोरची भेट याच हिमनदीवर होते. प्रवासातले दृश्य कादंबरीत उतरवणे हे स्वप्नाचे काम नव्हे. ते निरीक्षणाचे आणि निवडीचे काम आहे.

१४/
२१ ऑगस्टच्या नोंदीत पर्सीशी गोष्टीबद्दल बोलणे झाल्याचे आहे. सप्टेंबरात मंडळी इंग्लंडला परतली आणि मेरी बाथ शहरात राहिली. तिच्यासोबत आठ महिन्यांचा विल्यम होता, आणि बायरनपासून गरोदर असलेली अविवाहित क्लेअर होती, जिची अवस्था लंडनपासून लपवायची होती. मेरी आणि पर्सी यांचेही अद्याप लग्न झालेले नव्हते. लिहिण्यासाठी एकांत म्हणतात तो असा होता.

१५/
९ ऑक्टोबर १८१६ : मेरीची एकाच आईची थोरली बहीण फॅनी हिने स्वान्सी येथे विष घेऊन आयुष्य संपवले. वय २२. ऑक्टोबरअखेरीस मेरीच्या रोजनिशीत हम्फ्री डेव्हीच्या रसायनशास्त्रावरील ग्रंथाचे वाचन आहे, आणि पुढे लेखनाची नोंद आहे. कादंबरीतील रसायनशास्त्राचा प्राध्यापक विद्यार्थ्यासमोर आधुनिक विज्ञानाचे जे गुणगान करतो, त्यामागे हे वाचन आहे. शोकाच्या तिसऱ्या आठवड्यात ती आपल्या पात्रासाठी अभ्यास करत होती.

१६/
५ डिसेंबर : ती पर्सीला पत्रातून कळवते की चौथे प्रकरण संपले आणि ते चांगलेच लांबले आहे. नव्या लेखकाचा हा आनंद ज्याने कधी काही लिहिले आहे त्याला ओळखू येईल. १० डिसेंबर : पर्सीची पहिली पत्नी हॅरिएट हिचा मृतदेह लंडनमधील सर्पेंटाइन तलावात सापडला, ती गरोदर होती. ३० डिसेंबर : मेरी आणि पर्सी यांचा विवाह. १२ जानेवारी १८१७ : क्लेअरला मुलगी झाली. खर्डा या सगळ्यातून पुढे सरकत होता, आणि डिसेंबरपासून मेरी स्वतः पुन्हा गरोदर होती.

१७/
कोणाला स्वप्नच हवे असेल, तर समकालीन कागदात एक स्वप्न आहे. फेब्रुवारी १८१५ मध्ये मेरीला अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली आणि काही दिवसांतच ती गेली. १९ मार्चच्या रोजनिशीत नोंद आहे : स्वप्नात बाळ पुन्हा जिवंत झाले, ते केवळ गारठले होते, शेकोटीपाशी चोळल्यावर त्यात जीव आला. जाग आली तेव्हा बाळ नव्हते. हे व्हिला डिओडाटीच्या पंधरा महिने आधीचे आहे. त्यात वादळ नाही, बायरन नाही, म्हणून दंतकथेत त्याला जागा नाही.

१८/
मेरीची आई मेरी वुलस्टनक्राफ्ट, स्त्रियांच्या हक्कांची पहिली मोठी कैवारी, लेकीच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी, १० सप्टेंबर १७९७ रोजी, प्रसूतिज्वराने वारली. जन्म देणे आणि मरणे या दोन गोष्टी या मुलीसाठी पहिल्या दिवसापासून एकमेकींना लागून होत्या. जन्म देऊन जबाबदारी झटकणाऱ्या निर्मात्याची कथा तिला एखाद्या जर्मन भूतकथेतून उसनी घ्यावी लागली नाही.

१९/
एप्रिल १८१७ मध्ये मार्लो गावी खर्डा पुरा झाला. १८ एप्रिल ते १३ मे या काळात मुद्रणासाठीची स्वच्छ प्रत तयार झाली. जून १८१६ ते मे १८१७ : अकरा महिने. यातला दोन वह्यांतील खर्डा पुष्कळसा टिकून आहे आणि ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. पहिल्या वहीचा कागद युरोपातला, दुसरीचा इंग्लंडमधला. केवळ कागद पाहूनही कळते की ही गोष्ट एका रात्रीची नाही. ती देश बदलून, घर बदलून लिहिली गेली आहे.

२०/
पुढचा अध्याय नकारांचा. जॉन मरे हा बायरनचा प्रकाशक. त्याने जूनमध्ये हस्तलिखित नाकारले. ऑलियर हा पर्सीचा प्रकाशक. त्याने ऑगस्टमध्ये नाकारले. शेवटी लॅकिंग्टनच्या पेढीने घेतले. स्वस्त पुस्तकांसाठी आणि जादूटोण्याच्या ग्रंथांसाठी ती प्रसिद्ध होती. अटी : ५०० प्रती, आणि नफ्यातला एक तृतीयांश वाटा लेखकाला. प्रकाशकाला सांगितले गेले की लेखक हा सध्या इंग्लंडबाहेर असलेला एक मित्र आहे.

२१/
२ सप्टेंबर १८१७ रोजी मेरीला मुलगी झाली, क्लारा. मुद्रिते त्याच महिन्यात येऊ लागली. थकलेल्या मेरीने २४ सप्टेंबरच्या पत्रात पर्सीला हवे ते फेरफार करण्याची मोकळीक दिली. त्याच सुमारास ती आपल्या पहिल्या युरोपप्रवासाचे पुस्तकही छापण्यासाठी सिद्ध करत होती. तेही नावाविना निघाले. बाळंतपणाच्या खोलीत दोन पुस्तकांचे काम. दंतकथेतील मेणबत्ती आणि विजांच्या लखलखाटात या खोलीला जागा मिळत नाही.

२२/
पुस्तक आले आणि अपेक्षित तेच घडले. नाव नाही, प्रस्तावना पर्सीच्या हातची, अर्पणपत्रिका मेरीचे वडील विल्यम गॉडविन यांना. मार्च १८१८ च्या ‘ब्लॅकवुड्स’मध्ये वॉल्टर स्कॉटने कौतुकाने परीक्षण लिहिले आणि लेखक पर्सी शेली असल्याचे धरून चालला. जूनमध्ये इटलीतून मेरीने त्याला पत्र लिहून चूक दुरुस्त केली. ‘ब्रिटिश क्रिटिक’ने लेखक स्त्री असल्याचे ऐकले होते, त्यांच्या मते त्यामुळे दोष वाढतच होता. पुरुषाने लिहिले तर प्रतिभा आणि स्त्रीने लिहिले तर विकृती, असा तो न्याय होता.

२३/
हा न्याय अजून संपलेला नाही. २००७ साली जॉन लॉरिट्सन यांनी एक अख्खे पुस्तक लिहून ‘फ्रँकेन्स्टाइन’चा खरा लेखक पर्सी असल्याचे प्रतिपादन केले. समाजमाध्यमांवर हा दावा दरवर्षी नव्याने उगवतो. त्याचा मुख्य आधार एकच : एवढ्या कोवळ्या, अननुभवी मुलीला हे जमेल कसे? एका रात्रीची दंतकथा या प्रश्नाला खतपाणी घालते. ज्या लेखिकेचे श्रम कोणी पाहिलेले नाहीत, तिच्या क्षमतेवर शंका घेणे सोपे असते.

२४/
उत्तर हस्तलिखितात आहे. खर्डा मेरीच्या हातचा आहे. समास तिने सुधारणांसाठी मोकळा सोडला आहे आणि त्यात पर्सीचे हस्ताक्षर जागोजागी आहे. चार्ल्स रॉबिन्सन यांनी ओळ न् ओळ तपासून २००८ च्या आवृत्तीत अंदाज दिला : सुमारे ७२ हजार शब्दांत पर्सीची भर किमान चार ते पाच हजार शब्दांची. म्हणजे शंभरात सहा-सात. एवढा हात कसलेल्या संपादकाचा असतो, आणि तो नाकारण्याचे कारणही नाही. पर्सीने शुद्धलेखन सुधारले, साध्या शब्दांच्या जागी जड लॅटिन वळणाचे शब्द घातले, काही ठिकाणी विचार धारदार केला.

२५/
काही ठिकाणी त्याने हानीही केली. शेवटचे वाक्य पाहावे. मेरीच्या खर्ड्यात तो जीव जहाजाच्या खिडकीतून हिमखंडावर उतरतो, स्वतः जहाजाला रेटा देऊन दूर होतो, आणि निवेदक म्हणतो की लवकरच तो आपल्याला दिसेनासा झाला. छापील वाक्यात लाटा त्याला वाहून नेतात आणि तो अंधारात नाहीसा होतो. पहिल्या वाक्यात त्या जिवाला स्वतःची इच्छा आहे, आणि दिसेनासे होणे हे फक्त पाहणाऱ्याच्या नजरेचे आहे. तो जिवंतही असू शकेल. भय कशात असते हे त्या दोघांपैकी कोणाला अधिक कळत होते, याचा निवाडा वाचकांनी करावा.

२६/
समासातील हस्ताक्षरावरून लेखकत्व ठरत असेल, तर आणखी एक प्रकरण उघडावे लागेल. पुढे इटलीत मेरीने बायरनच्या ‘डॉन जुआन’च्या अनेक सर्गांच्या स्वच्छ प्रती केल्या. ती हस्तलिखिते तिच्या अक्षरात आहेत. ‘डॉन जुआन’ मेरी शेलीने लिहिले असे आजवर कोणी पुस्तक काढलेले नाही. पुरुषाच्या काव्यावर स्त्रीचे अक्षर दिसले तर ती लेखनिक. स्त्रीच्या कादंबरीवर पुरुषाचे अक्षर दिसले तर तो लेखक. शंका नेहमी एकाच दिशेने का वाहते?

२७/
मग मेरीने स्वतःच १८३१ मध्ये स्वप्नाला एवढे महत्त्व का दिले? याचे उत्तर तिच्या परिस्थितीत शोधावे लागते. क्लारा १८१८ मध्ये व्हेनिसला गेली, विल्यम १८१९ मध्ये रोमला, पर्सी ८ जुलै १८२२ रोजी समुद्रात बुडाला. हाती एक मुलगा उरला. सासरे सर टिमथी यांनी दिलेला तुटपुंजा तनखा पुढे वारसाहक्कातून वळता करायचा होता, आणि त्याची अट अशी की शेली हे नाव लोकांसमोर आणायचे नाही. १८२६ मध्ये तिची ‘द लास्ट मॅन’ निघाली, परीक्षणांत तिचे नाव आले आणि तनखा अडवला गेला.

२८/
अशा स्त्रीला लोक एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत : कोवळ्या वयाच्या मुलीला असली भेसूर कल्पना सुचली तरी कशी? प्रस्तावनेत ती हा प्रश्न स्वतःच नोंदवते. स्वप्न हे त्याला सर्वांत सुरक्षित उत्तर होते. कल्पना आपण शोधली नाही, ती न बोलावता आली, एवढे म्हटले की भयकथा लिहिणाऱ्या स्त्रीवरचा ठपका सौम्य होतो. ते उत्तर प्रतिकूल जगाशी केलेली तडजोड होती. दोनशे वर्षांनी ती तडजोड तशीच पुढे चालवण्याचे आपल्यावर बंधन नाही.

२९/
आणि त्याच प्रस्तावनेत दंतकथेला छेद देणारा विचारही आहे. नवनिर्मिती शून्यातून होत नसते. आधी सामग्री लागते आणि तिला आकार देण्याची शक्ती लागते, असे ती स्पष्ट लिहिते. शिवाय, कथेतील एकही प्रसंग पतीने सुचवलेला नाही, मात्र कथा वाढवण्याचा आग्रह त्याचा होता आणि मूळ प्रस्तावनाही त्याची होती, हेही ती सांगते. बखरीतला जो भाग अस्सल कागदांशी जुळतो तो घ्यावा, या नियमाने पाहता विश्वास ठेवण्याजोगा मजकूर हा आहे. लोकप्रिय झाला तो दुसराच.

३०/
नाव मिळाले ते कसे, हेही सांगायला हवे. २८ जुलै १८२३ रोजी लंडनच्या रंगभूमीवर या कादंबरीचे नाट्यरूप आले आणि गाजले. त्या काळी कादंबरीवरून नाटक केले तर मूळ लेखकाला काही द्यावे लागत नसे. ऑगस्टअखेरीस मेरीने ते प्रेक्षकांत बसून पाहिले. नाटकाची हवा पाहून वडिलांनी दुसरी आवृत्ती काढवली, आणि इंग्रजी पुस्तकावर प्रथमच तिचे नाव छापले गेले. पहिल्या प्रकाशनानंतर साडेपाच वर्षांनी.

३१/
हा वाद केवळ एका इंग्रज बाईच्या न्यायाचा नाही. भयकथा म्हणजे झटक्यात सुचणारे, हलके, लेखकाकडून फारसे काही न मागणारे वाङ्मय, हा समज मराठीतही रुजलेला आहे. रत्नाकर मतकरींनी १९७८ पर्यंत बँकेतली नोकरी सांभाळून लेखन केले. भयाचा परिणाम शब्दाशब्दाने बांधावा लागतो, आणि तो दिवसाचे काम संपल्यावर, घर झोपल्यावर बांधावा लागतो. ‘हे तुम्हाला सुचते तरी कसे?’ एवढेच विचारून थांबणारा वाचक लेखकाचे निम्मे आयुष्य पाहतच नाही.

३२/
इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी निष्कर्ष तीन. पंधरा वर्षांनंतरच्या मागणीवरच्या आठवणीला समकालीन नोंदीचा दर्जा देऊ नये. हवामान, घर आणि थोर पाहुणे यांना लेखकाच्या खुर्चीत बसवू नये. आणि ज्याच्या श्रमाचे कागद उपलब्ध आहेत, त्याच्या प्रतिभेचे चमत्कारात रूपांतर करू नये. कारण चमत्कार कोणाच्याही नावावर चढवता येतो, खर्डा चढवता येत नाही.

३३/
ते कागद आज कोणालाही घरबसल्या पाहता येतात. शेली-गॉडविन आर्काइव्ह या संकेतस्थळावर २०१३ पासून खर्ड्याची पानन्‌पान खुली आहेत. ती खोडाखोड, ते समासातले दुसरे हस्ताक्षर, ओळींच्या वर बसवलेले शब्द. पुढच्या खेपेस कोणी वादळी रात्रीचे चित्र पाठवले, तर उत्तरादाखल त्यातले एक पान पाठवावे. एकोणीस वर्षांची एक मुलगी, कडेवर एक मूल, घरात एका मृत्यूची वार्ता, आणि तरी चौथे प्रकरण संपले व ते चांगलेच लांबले म्हणून पत्रातून कळवणारी. ‘फ्रँकेन्स्टाइन’चा उगम शोधायचा तर तिथे शोधावा.

(धागा समाप्त)